डियाझचा गोल खाल्ला कोणी? (टॉटनहॅम २-१ लिव्हरपूल आणि बाकीचा वीकेंड)

लालबुंद · ३० सप्टेंबर २०२३, रात्री उशिरा

झोप येत नाहीये म्हणून आजच्या प्रीमियर लीग फुटबॉल सामन्यावर धागा काढतोय. मी लिव्हरपूलवाला आहे हे आधीच सांगतो, तटस्थ विश्लेषण हवं असेल तर दुसरीकडे बघा. ३४वं मिनिट, ०-०, जोन्सला लाल कार्ड मिळाल्याने आम्ही दहा जण. सालाहचा पास, डियाझ पळाला, गोल. लाईन्समनचा झेंडा वर, ऑफसाईड. ठीके, माणूस आहे, चुकतो, त्यासाठीच तर व्हीएआर (व्हिडिओ बघणारे पंच) आणलंय ना? मी निवांत बसलो होतो की आता रेघा काढतील, दोन मिनिटं घालवतील आणि गोल देतील, कारण साध्या डोळ्यांनी दिसत होतं की तो ऑनसाईड आहे, म्हणजे पासच्या क्षणी बचावपटूंच्या रेघेपुढे नाही. तर रेघाच दाखवल्या नाहीत!! टॉटनहॅमने फ्री किक घेतली, खेळ सुरू, आणि दोन मिनिटांत सोनचा गोल. मग सामना संपल्यावर पंच मंडळाचं म्हणजे पीजीएमओएलचं पत्रक, की 'मोठी मानवी चूक' झाली, गोल द्यायला हवा होता. अरे मग द्या ना. पत्रकाला काय फ्रेम करून लावू?

नऊ जणांनी ९५ मिनिटांपर्यंत १-१ धरून ठेवलं होतं आणि शेवटी माटिपचा स्वयंगोल. त्या बिचाऱ्याला तर काही बोलूच शकत नाही, तोपर्यंत भिंतीसारखा उभा होता.

उत्तरलंडनकर · १ ऑक्टोबर

आधी कोणीतरी आम्हाला अभिनंदन म्हणा की राव. सात सामन्यांत एकही हार नाही, १७ गुण, हॅरी केन गेल्यावर सगळे आमची तेराव्याची तयारी करत होते.

गोल चुकीचा नाकारला, मान्य, शंभर टक्के मान्य. पण तुमच्या पोस्टवरून असं वाटतंय की बाकी सगळं लिव्हरपूलच्या विरुद्ध कट होता. कर्टिस जोन्सने आमच्या बिसुमाच्या घोट्यावर बूट ठेवला तो लाल कार्डच होता. नंतर जोटाने दोन मिनिटांत दोन पिवळी घेतली तीही व्हीएआरने दिली का? आणि ९६व्या मिनिटाला पोरोने जो क्रॉस टाकला तो नऊ जणांविरुद्ध खेळताना सतत दबाव ठेवल्यामुळे आला, आपोआप नाही.

लालबुंद

अभिनंदन. झालं?

जोन्सचा पाय आधी बॉलवर पडला आणि बॉलवरून घसरून वर गेला. रेफ्रीने मैदानावर पिवळं दिलं होतं, बरोबर दिलं होतं. मग त्याला स्क्रीनपाशी बोलावलं आणि समोर पहिलं काय ठेवलं तर गोठवलेलं चित्र, बूट घोट्यावर. त्या चित्रात कोणताही टॅकल खुनी हल्ला वाटेल.

कट्टर_युनायटेड

तुम्हाला निदान खापर फोडायला कोणीतरी आहे हो. आम्ही मंगळवारी लीग कपात क्रिस्टल पॅलेसला ३-० हाणलं, शनिवारी तोच पॅलेस आमच्याच मैदानावर आला, अँडरसनने एक झकास व्हॉली मारली आणि १-० ने घेऊन गेला. रेफ्रीची काही चूक नाही, व्हीएआरची नाही, पावसाचीही नाही. सातपैकी चार हरलो. अम्राबातला लेफ्ट बॅक (डाव्या बाजूचा बचावपटू) खेळवताय म्हणजे काय ते समजून जा, खरे लेफ्ट बॅक सगळे दवाखान्यात. डाव्या बाजूने बॉल पुढे जातच नाही, गेला तरी रॅशफर्ड एकटा तिघांत घुसतो आणि बॉल घालवून येतो. मधल्या फळीत कासेमिरो मागच्या वर्षीचा राहिलेला नाही हे मी ऑगस्टपासून बोलतोय, तेव्हा मला इथे निराशावादी म्हणाले होते काही जण, नावं घेत नाही.

बाकावरचा_बारावा

@कट्टर_युनायटेड, तुमच्या तोंडी रेफ्रीचं नाव नाही हे बरंच आहे. १४ ऑगस्टला वुल्व्ह्जविरुद्ध ओनानाने कलायजिचला हवेत धडक दिली, पेनल्टी मिळाली नाही, तुम्ही १-० जिंकलात आणि नंतर वुल्व्ह्जच्या मॅनेजरला माफी मिळाली. त्या दिवशी शिट्टी कोणाकडे होती? सायमन हूपर. परवा टॉटनहॅमला कोण होता? सायमन हूपर. दिवे घ्या.

कट्टर_युनायटेड

घेतले. तीन गुणही घेतले.

गूनर_चव्वेचाळीस

ह्या सगळ्यात आम्ही ४-० जिंकलो ते कोणाच्या लक्षातही नाही. बोर्नमथविरुद्ध दुसरी पेनल्टी मिळाली तेव्हा बॉल आणून हॅवर्ट्झच्या हातात दिला सगळ्यांनी, नेहमी मारणारे बाजूला झाले, आणि त्याने आर्सेनलसाठी पहिला गोल केला. महिनाभर त्या पोराला शिव्या पडत होत्या (त्यात माझ्याही होत्या, कबूल). गोल झाल्यावर पाहुण्यांच्या स्टँडमधले आपले लोक त्याचं गाणं म्हणत होते. मला तरी तो वीकेंडचा क्षण वाटला, तुमची भांडणं चालू द्या.

बाकी व्हीएआरचं दुःख आम्हाला नवीन नाही. ११ फेब्रुवारी, ब्रेंटफर्ड, १-१. टोनीच्या गोलआधी त्यांचा एक खेळाडू ऑफसाईड होता आणि व्हीएआरने त्याच्यासाठी रेघच काढली नाही. विसरला. ली मेसन. त्यानंतर तो पंचमंडळातून गेला. त्याच दिवशी ब्रायटनचा गोल रेघ चुकीच्या बचावपटूवर काढून रद्द केला. म्हणजे एकीकडे रेघ नाही, दुसरीकडे रेघ भलत्याच माणसावर. आणि आता काय तर रेघ बरोबर पण निर्णय उलटा. एकेक पायरी चढतायत.

शिट्टीवाली · १ ऑक्टोबर, संध्याकाळ

मी इथे फार लिहीत नाही, वाचते जास्त. सहा-सात वर्षं आंतरमहाविद्यालयीन आणि छोट्या लीगचे सामने केलेत, बऱ्याचदा लाईनवर. म्हणून झेंड्याबद्दल थोडं.

ऑफसाईड बघताना तुम्हाला एकाच क्षणी दोन गोष्टी बघायच्या असतात, पास देणाऱ्याचा पाय बॉलला लागला तो क्षण, आणि शेवटचा बचावपटू व फॉरवर्ड यांची रेघ. ह्या दोन गोष्टी कधीकधी तीस मीटर लांब असतात एकमेकांपासून. नजर पायावरून रेघेवर येईपर्यंत फॉरवर्ड दोन पावलं पुढे गेलेला असतो, बचावपटू उलट दिशेने वर येत असतो. म्हणून आपण करतो काय, तर नजर रेघेवरच ठेवायची आणि बॉलला लाथ बसल्याचा आवाज ऐकायचा. लहान मैदानावर आवाज येतो. साठ हजार माणसं ओरडत असताना काय ऐकू येणार? डियाझसारखा सुसाट पळणारा माणूस असेल तर तो होता त्यापेक्षा पुढे दिसतो, हा डोळ्याचा दोष, त्याला लाईन्समन काही करू शकत नाही. त्यामुळे झेंड्यावर मी राग धरणार नाही.

माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. जे छापून आलंय ते खरं असेल तर व्हीएआरवाल्याने चित्र बघितलं, रेघ बघितली, ऑनसाईड आहे हे त्याला बरोबर कळलं, आणि तो म्हणाला 'चेक कम्प्लीट'. कारण त्याला वाटलं मैदानावर गोल दिलाय. म्हणजे त्याच्या मते तो गोल कायम करत होता, आणि मैदानावर त्याचा अर्थ झाला ऑफसाईड कायम. डोळे चुकले नाहीत. तोंड चुकलं.

क्रिकेटातून_आलेली

थांबा, म्हणजे तिसऱ्या पंचाला मैदानावरचा निर्णय काय होता हेच माहीत नव्हतं?? क्रिकेटमध्ये तर आधी तेच ठरतं ना. मैदानावरचा पंच सांगतो आउट दिलंय की नॉट आउट, अंपायर्स कॉल तर पूर्ण त्याच्यावरच चालतो, आणि शेवटी तिसरा पंच सांगतो की तुमचा निर्णय बदला किंवा तसाच ठेवा, आणि हे सगळं आपल्याला घरी बसून ऐकू येतं. 'चेक कम्प्लीट' म्हणजे काय, काय पूर्ण झालं? हो का नाही?

शिट्टीवाली

नेमकं हेच. त्या शब्दाचा अर्थ ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून काय आहे त्यावर ठरतो. रग्बीतही मैदानावरचा पंच आणि टीव्हीवरचा पंच यांचं बोलणं सगळ्यांना थेट ऐकू येतं. इथे बंद खोलीत काय बोलले ते आपल्याला कळायला क्लबला पत्र लिहावं लागतंय.

तिरकी_रेघ

आता कोणीतरी येऊन म्हणेल की सेमी ऑटोमेटेड ऑफसाईड आणा म्हणजे प्रश्न मिटेल, म्हणून आधीच लिहितो. २०२२च्या वर्ल्ड कपात होतं ते, छताखाली १२ कॅमेरे, बॉलमध्ये सेन्सर, तो सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवतो. इटलीच्या लीगने जानेवारीपासून घेतलं. प्रीमियर लीगमध्ये ह्या २०२३च्या मोसमातही हाताने रेघा. त्याचा तोटा काय तर टीव्हीचा कॅमेरा सेकंदाला ५० चित्रं काढतो, पळणारा माणूस सेकंदाला ८ मीटर जात असेल तर एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत १६ सेंटिमीटर सरकतो. पास नेमका कुठल्या चित्रात झाला हे माणूस ठरवतो. मग बगलेतून रेघ काढून तीन सेंटिमीटरने ऑफसाईड म्हणायचं, कायच्या काय. ह्याच कारणाने २०२१पासून रेघा जाड केल्या, थोडा फायदा फॉरवर्डला.

पण शनिवारच्या घोळात ह्यातलं काहीही कामाचं नव्हतं. यंत्राने तुम्हाला सोन्याच्या ताटात 'ऑनसाईड' वाढलं असतं तरी पुढचा माणूस तेच दोन शब्द बोलला असता.

निळाशार

मँचेस्टर सिटीवाला आहे, शांतपणे येऊन बसतो. आम्हीही हरलो, वुल्व्ह्जकडे २-१. रुबेन डियाझचा स्वयंगोल (ह्या वीकेंडला डियाझ नावच वाईट होतं), अल्वारेझची सुंदर फ्री किक, मग ह्वांगचा गोल. सामन्याआधी आमच्या मॅनेजरने, पेपने, त्याचं नाव न आठवून 'तो कोरियन मुलगा' म्हटलं होतं, आता आठवेल. स्वतः वर प्रेक्षकांत बसला होता, टचलाईन बंदी होती.

खरी गोष्ट मात्र रॉड्री. फॉरेस्टविरुद्ध लाल कार्ड घेतलं, तीन सामन्यांची बंदी, त्यातल्या दोन सामन्यांत आम्ही दोन्ही हरलो, न्यूकॅसलकडे कपात आणि आता हा. तो नसला की मधे खिंडार पडतं, कोवाचिच बॉल घेऊन छान फिरतो पण उलटा हल्ला आला की वुल्व्ह्जचा नेटो त्याच्या बाजूने रेल्वेसारखा जातो. पुढच्या रविवारी आर्सेनल आणि तेव्हाही तो नाही. @गूनर, खूश व्हा.

गूनर_चव्वेचाळीस

आत्ता नाही होत, रविवारी संध्याकाळी होतो. तुमच्याविरुद्ध आधी खूश व्हायची सवय मोडलीये.

बाकावरचा_बारावा

व्हिला ६, ब्रायटन १ बद्दल कोणीच बोलणार नाही का? वॉटकिन्सची हॅटट्रिक. ब्रायटनची मागून पासिंग करत वर यायची हौस सगळ्यांना आवडते, मलाही, पण व्हिलाने त्यांना मुद्दाम पुढे येऊ दिलं आणि पाठीमागच्या मोकळ्या जागेत पुन्हा पुन्हा बॉल टाकला. आणि लूटन! एव्हर्टनच्या मैदानावर २-१, प्रीमियर लीगमधला पहिला विजय त्यांचा. हे लोक काही वर्षांपूर्वी लीगच्या बाहेर होते.

लालबुंद · १ ऑक्टोबर, रात्री

क्लबचं पत्रक आलं. खेळाच्या सचोटीला धक्का बसलाय आणि सगळे पर्याय तपासणार म्हणे. आणि एक नवीनच कळलं, व्हीएआरवाला आणि त्याचा मदतनीस गुरुवारी अमिरातीत सामना करून आले होते!! शुक्रवारी परत, शनिवारी खुर्चीत. आता पुढच्या सामन्यांतून त्यांना काढलंय.

उत्तरलंडनकर

पर्याय म्हणजे काय, सामना पुन्हा? होऊच शकत नाही. एक निर्णय चुकला म्हणून सामना पुन्हा खेळायचा तर लीग जुलैपर्यंत संपणार नाही. एप्रिलमध्ये ब्रायटनला आमच्याविरुद्ध मितोमाची पेनल्टी नाकारली, पंच मंडळाच्या प्रमुखाने, हॉवर्ड वेबने, माफी मागितली. तो सामना कोणी पुन्हा खेळला नाही. (आम्ही जिंकलो होतो, हो, बोला.)

जुना_खेळाडू_काका

पुन्हा खेळवतात हो, खेळवलेत. पण कधी ते बघा.

१९९४, बायर्न विरुद्ध न्यूर्नबर्ग. हेल्मरने गोलसमोर बॉल मारला, बाहेर गेला, स्पष्ट बाहेर, आणि लाईन्समनने गोल सांगितला. बायर्न २-१ जिंकलं. जर्मन संघटनेने सामना रद्द करून पुन्हा खेळवला. न्यूर्नबर्गला काय मिळालं? ५-० हरले आणि त्याच मोसमात खालच्या लीगमध्ये गेले. २०१३मध्ये हॉफेनहाइम विरुद्ध लेव्हरकुझेन, कीसलिंगचा हेडर बाजूच्या जाळीला पडलेल्या भोकातून आत गेला, गोल दिला. तेव्हा मात्र पुन्हा खेळवायला नकार.

२००५ला वर्ल्ड कपच्या प्लेऑफमध्ये उझबेकिस्तान विरुद्ध बहरीन. उझबेकिस्तान १-० पुढे होतं, पेनल्टी मारून गोलही केला, पण त्यांचाच एक खेळाडू आधी आत घुसला होता. नियमाप्रमाणे पेनल्टी पुन्हा मारायला द्यायची, रेफ्रीने उलट बहरीनला फ्री किक दिली. फिफाने सामनाच रद्द केला, कारण ही नजरेची चूक नव्हती, नियम लावण्याची चूक होती. गंमत म्हणजे तक्रार केली होती उझबेकिस्ताननेच, जिंकूनसुद्धा. पुन्हा खेळले तर १-१, आणि शेवटी बहरीन पुढे गेलं.

आणि १९९९, आर्सेनल विरुद्ध शेफील्ड युनायटेड, एफए कप. जखमी खेळाडूसाठी बॉल बाहेर घातला होता, पार्लरने परत देण्यासाठी फेकला, कानू नवीन होता, त्याला कळलं नाही, तो घेऊन पळाला आणि ओव्हरमार्सने गोल केला. नियमात काही चूक नव्हती. आर्सेनलचा मॅनेजर व्हेंगरने स्वतःहून सांगितलं पुन्हा खेळू. पुन्हा २-१.

लालबुंद

काका, म्हणजे उझबेकिस्तानसारखं बघितलं तर आमची केस बसते की! नजरेची चूक नाहीच मुळी. बघितलं बरोबर, लावलं चूक.

शिट्टीवाली

नाही बसत. व्हीएआरच्या नियमावलीतच लिहिलंय की व्हीएआरच्या चुकीच्या निर्णयामुळे, किंवा यंत्र बंद पडल्यामुळे, सामना रद्द ठरत नाही. हे वाक्य आधीच घालून ठेवलंय, बहुतेक ह्याच भीतीने. यंत्र बंद पडल्याचं उदाहरण आठवत असेल, जून २०२०, व्हिला विरुद्ध शेफील्ड युनायटेड, व्हिलाचा गोलकीपर बॉल घेऊन गोलरेषेच्या आत गेला आणि गोललाईनचं घड्याळ वाजलंच नाही. ०-०. यंत्र पुरवणाऱ्या हॉकआयने माफी मागितली. व्हिला त्या वर्षी एका गुणाने वाचलं आणि बोर्नमथ खाली गेलं. तेव्हाही काही पुन्हा झालं नाही.

कट्टर_युनायटेड

एका गुणाने वाचलेले शनिवारी सहा मारतात आणि आम्ही शून्य. देवा.

लालबुंद · ३ ऑक्टोबर, रात्री

ऑडिओ आला!! ऐका सगळ्यांनी आणि मग बोला.

चेक कम्प्लीट, परफेक्ट. मैदानावरून कोणीतरी म्हणतंय शाब्बास पोरांनो, छान प्रोसेस. छान प्रोसेस!!! मग काही सेकंदांत रिप्ले चालवणारा माणूस, म्हणजे जो पंचसुद्धा नाही, तो म्हणतो थांबा थांबा, मैदानावर ऑफसाईड दिलं होतं, तुम्हाला हे चालतंय का? मग शांतता, मग शिवी, मग वरून एक जण ओरडतोय सामना थांबवा, थांबवा, आणि व्हीएआरवाला म्हणतोय काही करता येणार नाही, काही करता येणार नाही. दोनदा.

मी तीनदा ऐकलं. सामन्यात गोल नाकारला तेव्हा इतका संताप झाला नव्हता.

क्रिकेटातून_आलेली

मी पण ऐकलं. सगळे एकाच वेळी बोलतायत. आणि 'मी आता काय तपासतोय' हे एकदाही कोणी पूर्ण वाक्यात बोललं नाही.

उत्तरलंडनकर

खरं सांगू, मी पण ऐकून गप्प झालो. इतके दिवस मला वाटत होतं की ठीके, चुकून झालं असेल. पण तीन-चार जणांना माहीत होतं, खेळ सुरू होऊन काहीच सेकंद झाले होते, टॉटनहॅमकडे बॉल होता, कोणाला काही फरक पडला नसता. शिट्टी वाजवायची, सॉरी म्हणायचं, गोल द्यायचा. आमचे प्रेक्षक पाच मिनिटं ओरडले असते. बस.

शिट्टीवाली

तिथे मात्र मी त्याच्या जागी बसून बघते आणि मला घाम फुटतो. नियम सांगतो की खेळ पुन्हा सुरू झाला की मागे जाता येत नाही, अपवाद फक्त चुकीच्या खेळाडूला कार्ड दिलं असेल तर, किंवा मारामारी, थुंकणं, चावणं असलं काही असेल तर. त्याला नियम पाठ होता. पाठ होता म्हणूनच तो अडकला.

माझ्या बाबतीत एकदा झालंय. मी रेफ्री होते, कॉर्नर द्यायचा होता, मी गोलकिकचा हात केला, माझ्या लाईनवरचा मुलगा झेंडा कॉर्नरकडे दाखवत नाचत होता आणि मी बघितलंच नाही. किक घेतली, तीन पास झाले, तिसऱ्या पासवर मला तो दिसला. मला माहीत होतं की आता मागे जाता येत नाही. आणि पुढची मिनिटभर मी खेळ बघतच नव्हते, माझ्या डोक्यात फक्त 'आता ह्यातून गोल होऊ नये' एवढंच चालू होतं. झाला. पोरं माझ्याकडे बघत होती, एकही शिवी दिली नाही कोणी, त्याचंच जास्त वाईट वाटलं. तेव्हापासून लाईनवरच्या माणसाकडे बघितल्याशिवाय मी हात वर करत नाही, उशीर झाला तर झाला.

त्यामुळे नियम मोडून शिट्टी वाजवायला हवी होती का? मला वाटतं हो. मी वाजवली असती का? माहीत नाही.

तिरकी_रेघ

मला कळत नाही की वाक्य इतकं साधं का नाही ठेवत. 'मैदानावर ऑफसाईड. चित्रात ऑनसाईड. निर्णय बदला, गोल.' विमानातले वैमानिक आकडा ऐकला की परत म्हणून दाखवतात. इथे शेवटचं वाक्य रेफ्रीने परत म्हणायचं एवढंच. 'गोल नाही, बरोबर?' असं हूपर बोलला असता तर दोन सेकंदांत उलगडा झाला असता.

निळाशार

+१. आणि घाई. सगळे ओरडतात ना की व्हीएआर फार वेळ घेतं, लवकर करा लवकर करा, मग त्यांनी लवकर केलं. आम्हीच ओरडत होतो, मी पण.

लालबुंद · ४ ऑक्टोबर

आमचा मॅनेजर क्लॉप आज म्हणाला की सामना पुन्हा खेळवायला हवा. होणार नाही हे त्यालाही माहितीये, तसं तो बोललाच. कोणी मुद्दाम केलं नाही हेही म्हणाला.

मी रविवारी हाच मुद्दा घेऊन भांडत होतो, आज त्याने म्हटल्यावर मला जरा ओशाळल्यासारखं झालं, कळत नाही का. जोन्सचं अपीलही फेटाळलं.

उत्तरलंडनकर

भाऊ, पुन्हा खेळवला तर अकरा विरुद्ध अकरा खेळायचं का? कारण जोन्स २६व्या मिनिटाला गेला, तुमचा गोल ३४व्याला. म्हणजे ३४व्या मिनिटापासून, १-०, तुमचे दहा, असं सुरू करायचं. मला मान्य आहे. तुम्ही दहा जण तासभर धराल?

लालबुंद

नऊ जणांनी ९५ मिनिटांपर्यंत धरलं होतं.

उत्तरलंडनकर

ते खरंय. तुमच्या गोलकीपरला, अॅलिसनला सलाम, तो माणूस नाही.

जुना_खेळाडू_काका

जोन्सच्या कार्डाबद्दल ताईंचं मत राहिलं. बाकी सगळ्यांनी आपापल्या जर्सीचा रंग बघून सांगितलं.

शिट्टीवाली

काका, लाल. बूट वर, पाय ताठ, घोट्यावर सगळं वजन. मुद्दाम नव्हतं पण ते बघायचं नसतं. मात्र लालबुंद म्हणतात तेही बरोबर आहे. स्लो मोशन आणि थांबवलेलं चित्र हे पाय कुठे लागला एवढं बघण्यासाठी, किती जोरात लागला ते नेहमीच्या वेगातच बघायचं, असं नियमावलीच सांगते. रेफ्री स्क्रीनपाशी पोचला की त्याला पहिलं जे दिसतं ते डोक्यात बसतं. निर्णय बरोबर, दाखवण्याची पद्धत चुकीची. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

बाकावरचा_बारावा

मला एक राहून राहून वाटतं. डियाझच्या गोलवर चार दिवस झाले बोलतोय, पण जोटाचं पहिलं पिवळं? रिप्लेत तर उदोगी स्वतःच्याच पायात पाय अडकून पडतोय. ते दिलं नसतं तर दुसरं आलं तरी तो मैदानावर राहिला असता, दहा जण राहिले असते. त्याचं पत्रक नाही, ऑडिओ नाही, माफी नाही.

शिट्टीवाली

पिवळं कार्ड व्हीएआरच्या कक्षेतच येत नाही. गोल, पेनल्टी, थेट लाल आणि चुकीचा माणूस, एवढंच. दुसरं पिवळं, ज्याने माणूस बाहेर जातो, तेही ह्या २०२३च्या नियमांत नाही.

आणि ते पहिलं पिवळं मीसुद्धा दिलं असतं. मी ते आज चार वेळा मागच्या कोपऱ्यातून बघितलं. तिथून खरंच पाय लागल्यासारखा दिसतो.